'लाइन' गेली म्हणजे नेमके काय गेले?

यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी तालुक्यातून एका विद्यार्थिनीचे पत्र आले आहे. त्या बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहेत आणि स्पर्धा परीक्षेच्या शिकवणीसाठी एस.टी.ने ये-जा करतात. पत्रातील मुख्य भाग असा :

"वर्गात भाषांतरासाठी एक उतारा दिला होता. त्यात 'शी वॉज अबाउट टु गिव्ह द अॅड्रेस व्हेन द लाइन वेंट डेड' असे वाक्य होते. मी 'ती पत्ता सांगणार इतक्यात लाइन गेली' असे लिहिले. सरांनी ते मोठ्याने वाचून दाखवले आणि विचारले, की अंधारात पत्ता सांगता येत नाही काय? सगळा वर्ग हसला. आमच्या घरी लाइन म्हणजे वीजच. माझे मामा लाइनमन आहेत. पहाटे आई हाक मारते ती 'लाइन आली पाय, मोटर लाव' अशीच. घरी येऊन कोशात 'लाइन' काढला, तर अर्थच अर्थ. ते वहीत उतरवून पाठ करते आहे. पण आज पाठ केलेले उद्या आठवत नाही. असे किती शब्द पाठ करायचे? आमचे बोलणेच चुकीचे आहे काय? आणि कोश कोणता घ्यावा, तेही सांगावे."

सप्रेम नमस्कार.

तुमचे भाषांतर चुकले, हे आधी मान्य करू. पण ते जेवढे हास्यास्पद ठरवले गेले, तेवढे नव्हते. उताऱ्यातील बाई कोणाला तरी पत्ता सांगणार होती आणि ते सांगणे एकाएकी तुटले, म्हणजे बोलणे टेलिफोनवर चालले होते आणि बंद पडली ती टेलिफोनची जोडणी. 'ती पत्ता सांगणार एवढ्यात फोन बंद पडला' असे लिहिले असते तर काम भागले असते. आता हेच इंग्रजी शब्द तुमच्या मामांच्या कामात नेऊन पाहा. खांबावर हात घालण्यापूर्वी पुरवठा बंद करून तारेत वीज उरलेली नाही याची खात्री करावी लागते, आणि अशा वीज नसलेल्या तारेला त्या कामातील इंग्रजीत 'डेड' म्हणतात, वीज असलेल्या तारेला 'लाइव्ह'. उतारा उपकेंद्रातील दुरुस्तीचा असता, तर वीज गेल्याचेच भाषांतर बरोबर ठरले असते आणि 'फोन बंद पडला' असे लिहिणाऱ्यावर वर्ग हसला असता. शब्द तोच, क्रियापदही तेच. अर्थ ठरवला तो शेजारच्या 'अॅड्रेस'ने आणि 'गिव्ह'ने.

म्हणून पहिला सल्ला असा, की हे पाठांतर आजच थांबवा. ऑक्सफर्डच्या बृहद् इंग्रजी कोशाच्या 1989 च्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद 'सेट' या शब्दाची होती. नव्या आवृत्तीचे काम सुरू झाल्यावर तो मान 'रन' या क्रियापदाकडे गेला, आणि त्याचे 645 अर्थ वेगळे करण्यात पीटर गिलिव्हर या कोशकाराचे सुमारे 9 महिने गेले. ज्याचा पेशाच कोशरचनेचा, त्याला एका शब्दासाठी एवढा काळ लागतो. आणि इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांनी ही यादी कधी डोळ्यांनी पाहिलेलीही नसते, तरी तो शब्द त्यांच्या तोंडी दिवसभर असतो. आपले तरी वेगळे काय? 'लागणे' हे क्रियापद घ्या. भूक लागते, ठेच लागते, निकाल लागतो, बोअरला पाणी लागते, एस.टी.त बसले की कोणाला गाडी लागते, भाजी खारट लागते, लग्नाला पैसे लागतात आणि दिवेलागणीला दाराला कडी लागते. यांतील एकही अर्थ तुम्ही वहीत उतरवलेला नाही, कारण भूक, निकाल, पाणी हे शब्दच पुढच्या 'लागणे'चा अर्थ सांगून मोकळे होतात. इंग्रजी शब्दालाही हीच वागणूक द्यावी.

यादीऐवजी शब्दाचे मूळ धरावे, आणि 'लाइन'चे मूळ विदर्भातील शेतकऱ्याच्या चांगल्या ओळखीचे आहे. ते मूळ म्हणजे जवस. लॅटिन भाषेत जवसाच्या झाडाला 'लिनुम' म्हणत, आणि कार्ल लिनियसने 1753 मध्ये नोंदवलेले 'लिनुम उसिटाटिसिमुम', म्हणजे अतिशय उपयोगी जवस, हे त्याचे शास्त्रीय नाव आजही चालते. आपल्याकडे जवस रब्बीत पेरतात तो दाण्यासाठी, तेलासाठी आणि चटणीसाठी. म्हणून आपले वाण बुटके आणि फांद्या फुटणारे असतात. युरोपात याच जवसाचे उंच आणि कमी फांद्यांचे वाण लावून त्यांच्या खोडातून धागा काढतात. जुनी रीत आपल्या अंबाडीचा वाख काढण्याचीच : दांडे पाण्यात भिजत घालायचे, गर कुजून सुटला की तंतू मोकळे करायचे आणि वाळवायचे. त्या धाग्याचे कापड ते 'लिनन', त्या धाग्याची दोरी ती लॅटिनमधील 'लिनेआ', आणि ही लिनेआ काही थेट, काही फ्रेंचमार्गे इंग्रजीत येऊन 'लाइन' झाली. जवसाच्या तेलापासून जमिनीवर अंथरायचे जे आच्छादन 1860 च्या दशकात इंग्लंडमध्ये निघाले, त्याचे 'लिनोलियम' हे नावही याच घराण्यातले. तेव्हा कोशातील 'लाइन'ची नोंद वाचायला घेताना डोळ्यांपुढे कागदावरची रेघ आणू नका, ताणलेली दोरी आणा. पुढचे बहुतेक अर्थ त्या दोरीला धरून येतात.

दोरीचा अर्थ आजच्या इंग्रजीतही जिवंत आहे. भिंत उभी सरळ आहे की नाही हे पाहण्यासाठी गवंडी जो ओळंबा सोडतो ती 'प्लंब लाइन'. विटांचा थर सरळ यावा म्हणून दोन टोकांना जी दोरी ताणतो तिला आपल्याकडचे गवंडी 'लाइनदोरी' म्हणतात, म्हणजे एकच वस्तू दोन भाषांत दोनदा सांगतात. गळाची दोरी ही लाइन, कपडे वाळत घालायची वलणी हीही लाइन. पुढे दोरीच्या जागी धातूची तार आली, तेव्हा तारायंत्राची, टेलिफोनची आणि विजेची तारही लाइनच राहिली. शेतात ठिबकची 'मेन लाइन' टाकतात, तिच्यात दोरी नाही आणि तारही नाही, पाण्याची नळी आहे. पण लांबवर ताणलेली आणि काही तरी वाहून नेणारी, एवढी जुनी ओळख तिने सोडलेली नाही.

ताणलेल्या दोरीने खूण केली की रेघ उमटते. मराठी वाचकाची खरी फसगत या टप्प्यावर होते, कारण इंग्रजी एका शब्दात जे भागवते त्यासाठी आपल्याकडे रेघ, रेषा, ओळ, रांग, तास, सुरकुती, फळी असे कितीतरी शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. वहीवर रेघ असते, भूमितीत रेषा, कवितेत ओळ, रेशनच्या दुकानापुढे रांग, शेतात पऱ्हाटीचे तास, म्हाताऱ्या चेहऱ्यावर सुरकुती, आणि सीमेवर पुन्हा रेषा. 1949 मध्ये ठरलेली युद्धबंदी रेषा 1972 च्या सिमला करारानंतर 'लाइन ऑफ कंट्रोल' झाली, ती नियंत्रण रेषा. 'पॉव्हर्टी लाइन' ही दारिद्र्यरेषा. तिच्या खाली असल्याचा दाखला मिळवायला रांगेत उभे राहावे लागते, हा भाग वेगळा. भाषांतर करताना 'लाइन' दिसला की हात आपोआप 'ओळ' लिहितो, तो आवरावा आणि या शब्दांपैकी कोणता येथे बसतो ते पाहावे.

रेघ ओलांडायची नसली की ती मर्यादा होते. 'टु ड्रॉ द लाइन' म्हणजे येथवर ठीक, यापुढे नाही. 'डेडलाइन' हा शब्द आज आपण अर्ज भरण्याच्या शेवटच्या तारखेसाठी वापरतो. पण अमेरिकेतील यादवी युद्धात, 1864 मध्ये, अँडरसनव्हिल येथील युद्धकैद्यांच्या तळावर ती खरोखरची मर्यादा होती. कुंपणाच्या आत थोड्या अंतरावर लाकडी कठडा होता आणि तो ओलांडणाऱ्या कैद्यावर पहारेकरी गोळी झाडत. वृत्तपत्रांच्या धंद्यात या शब्दाला मुदतीचा अर्थ विसाव्या शतकात मिळाला. तुमच्या मामांच्या वीज नसलेल्या तारेशी या डेडलाइनचा संबंध नाही, आणि इंग्रजी लिखाणात ही डेडलाइन एका शब्दात जोडून लिहितात, हे ध्यानात ठेवावे. 'टु टो द लाइन' म्हणजे वरिष्ठ सांगतील तसे मुकाट्याने वागणे. यातील 'टो' म्हणजे पायाचे बोट, शर्यतीच्या रेघेला बोट लावून उभे राहिल्यासारखे. याच उच्चाराचा, ओढून नेणे या अर्थाचा दुसरा शब्द तेथे लिहिला जातो, आणि ही चूक शिकलेले लोकही करतात.

एका रेघेत उभ्या असलेल्या वस्तूंनाही लाइन म्हणतात. इंग्रजांच्या काळी फौजेच्या आणि अधिकाऱ्यांच्या घरांच्या ओळींना 'लाइन्स' म्हणत, म्हणून आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्यांत पोलीस लाइन आहे आणि उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ सिव्हिल लाइन्समध्ये आहे. माणसांच्या रांगेला अमेरिकेत 'लाइन' आणि इंग्लंडमध्ये 'क्यू' म्हणतात; दोन्ही बरोबर, पण एका उत्तरपत्रिकेत एकच पद्धत ठेवावी. नटाला दिलेले संवाद म्हणजे त्याच्या 'लाइन्स'. 'ड्रॉप मी अ लाइन' याला तर आपल्या पत्रांत तयारच वाक्य आहे : दोन ओळी लिहून पाठवा. हिशेबाच्या तळाशी निव्वळ नफा किंवा तोटा दाखवणारी जी शेवटची ओळ असते ती 'बॉटम लाइन', आणि त्यावरून सगळ्या बोलण्यातला निर्णायक मुद्दा असाही अर्थ झाला. क्रिकेटमधील 'लाइन अँड लेंथ' तुम्हाला समजावण्याची गरज नाही. विदर्भाने 2017-18 मध्ये पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला तेव्हापासून खेड्यातील पोरेही ते तोंडपाठ बोलतात.

मग वाट. मूर्तिजापूरहून यवतमाळला जाणारी शकुंतला ही रेल्वेगाडी ज्या रुळांवरून धावत असे, तो 2 फूट 6 इंच रुंदीचा मार्ग वऱ्हाडातील कापूस वाहून नेण्यासाठी घातला गेला; आपले लोक त्याला शकुंतलेची लाइन म्हणतात आणि इंग्रजीतही रूळ आणि मार्ग या दोहोंना लाइन हाच शब्द आहे. त्यामुळे 'द लाइन इज क्लोज्ड' याचा अर्थ रूळ उखडले असा होईलच असे नाही, त्या मार्गावरची वाहतूक बंद आहे एवढाच तो असतो. ठरल्या मार्गावर नियमाने जाणारे जहाज ते 'लायनर', आणि विमान कंपनी 'एअरलाइन'. मुलगी पाहायला आलेल्या मंडळींना 'तुमचा मुलगा कोणत्या लाइनमध्ये आहे?' असे विचारतात ते पेशाबद्दल, आणि 'व्हॉट लाइन आर यू इन?' हा इंग्रजी प्रश्नही तोच.

आता जो अर्थ परीक्षेत अडवतो, पण जवसाचे मूळ कळले की चटकन सुटतो, त्याकडे येतो. लिननचे कापड मऊ, म्हणून जाड कपड्याला ते आतून लावत. त्यावरून आतून थर देणे या क्रियेलाही 'लाइन' हाच शब्द मिळाला. शिंप्याचे अस्तर म्हणजे 'लायनिंग'. गाडीचा मेकॅनिक ब्रेकचे 'लायनर' घासले म्हणतो, तो थर याच जातीचा. कालव्याला काँक्रीटचा थर देतात किंवा शेततळ्यात पाणी मुरू नये म्हणून प्लास्टिक अंथरतात, त्याला सरकारी कागदात 'अस्तरीकरण' म्हटलेले तुम्ही वाचले असेल. इंग्रजीत तेथे 'लायनिंग' असते, आणि हे भाषांतर सरकारी असूनही फार नेमके आहे. 'लाइन्ड' हे विशेषण तीन ठिकाणी घेऊन पाहा. 'लाइन्ड पेपर' म्हणजे रेघा आखलेला कागद, 'लाइन्ड फेस' म्हणजे सुरकुतलेला चेहरा, आणि 'लाइन्ड कोट' म्हणजे अस्तर लावलेला कोट. पहिले दोन अर्थ रेघेच्या अंगाने आले, तिसरा कापडाच्या. 'टु लाइन वन्स पॉकेट्स' म्हणजे गैरमार्गाने आपले खिसे भरणे, यातही खिशाचे अस्तरच आहे. 'ट्रीज लाइन द रोड' या वाक्यात मात्र अस्तर शोधू नका. तेथे रस्त्याच्या कडेने झाडांची रांग आहे.

भाषांतरापेक्षाही जास्त गुण जातात ते 'लाइन'च्या मागेपुढे येणाऱ्या लहान शब्दांमुळे, आणि रिकाम्या जागा भरण्याचे प्रश्न बहुधा त्यांच्यावरच असतात. 'ही इज ऑन द लाइन' म्हणजे तो फोनवर आहे; 'हिज जॉब इज ऑन द लाइन' म्हणजे त्याची नोकरी धोक्यात आहे. कर्ता बदलला आणि अर्थ पालटला, बाकी सगळे तसेच राहिले. 'इन लाइन' म्हणजे रांगेत, पण 'इन लाइन विथ द रूल्स' म्हणजे नियमांना धरून, आणि 'इन लाइन फॉर प्रमोशन' म्हणजे ज्याला बढती मिळण्याचा संभव आहे असा. 'आउट ऑफ लाइन' म्हणजे मर्यादा सोडून. 'अलाँग द सेम लाइन्स' याला मराठीत 'त्याच धर्तीवर' म्हणावे; 'त्याच ओळींवर' असे लिहिणारे भाषांतरकार आहेत, त्यांचे अनुकरण करू नये.

तुमच्या बोलण्याच्या शुद्धतेविषयी विचारले आहे, त्याचे उत्तर जरा सविस्तर द्यायला हवे. तारेतून जे येते त्याला तारेचेच नाव देणे ही भाषेची जुनी खोड आहे. टपाल खात्याचा माणूस निरोपाचा कागद घेऊन दारी आला की आपले वाडवडील 'तार आली' म्हणत, आणि कागद उघडण्याआधीच घरात रडारड सुरू होई. जुलै 2013 मध्ये ती सेवा बंद होईपर्यंत हे बोलणे कोणाला चुकीचे वाटले नाही; इंग्रजांनीही तारेला 'वायर' आणि तारेने आलेल्या निरोपालाही 'वायर'च म्हटले. विदर्भातील खेड्यात वीज पोचली ती खांबावरच्या लाइनमधून, दुरुस्तीला आला तो लाइनमन, तेव्हा विजेलाच लाइन म्हटले गेले यात अशुद्ध काही नाही. तुमच्या आईंनी लाइन आल्याची हाक मारली की सगळ्या घराला ती कळते, आणि मोटर लागते. ज्या सरांनी वर्गात तो विनोद केला, त्यांच्या घरची वीज गेल्यावर ते घरच्यांना काय सांगतात, हे ऐकण्याची मला उत्सुकता आहे.

चूक होते ती हा आपला अर्थ इंग्रजीत परत नेताना. इंग्रज वाचकाला 'द लाइन हॅज गॉन' यातून वीज गेल्याचे कळणार नाही; तेथे 'द पॉवर इज आउट' किंवा 'देअर इज अ पॉवर कट' असेच लिहावे. 'लाइनीवर येणे', 'लाइन मारणे' ही तर सर्वस्वी आपली निपज आहे आणि त्यांचे शब्दशः इंग्रजी होत नाही. दुसऱ्याचा प्रश्न स्पर्धा परीक्षेत येण्याची भीतीही बाळगू नये.

वहीबद्दल एवढेच सुचवतो. अर्थ लिहू नका, वाक्य लिहा, आणि वाक्यात ज्या शब्दाने अर्थ ठरवला त्याच्याखाली खूण करा. टेलिफोनच्या वाक्यात 'अॅड्रेस'खाली, नोकरीच्या वाक्यात 'जॉब'खाली, कोटाच्या वाक्यात 'कोट'खाली. मग त्या वाक्याचे मराठी घरी जसे बोलाल तसे करा आणि त्यात 'लाइन' हा शब्द येऊ देऊ नका. तो टाळावा लागला की रांग, रेषा, ओळ, फोन, तार, अस्तर यांपैकी नेमका कोणता शब्द हवा हे ठरवणे भाग पडते. नवा अर्थ वाचनात भेटेल तेव्हाच वहीत येऊ द्या, कोशातून उचलून आणू नका.

कोशाविषयी विचारले आहे, तर शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश घ्यावा आणि इंग्रजी-मराठी कोश झाडाफुलांची, अवजारांची, रोगांची नावे पाहण्यासाठी जवळ ठेवावा. जुनी आवृत्ती मिळाली तरी चालेल. दुकानात पैसे देण्यापूर्वी 'लाइन' या शब्दाचे पान उघडा. प्रत्येक अर्थापुढे निदान एक पूर्ण वाक्य छापलेले असेल तर तो घ्या, नुसत्या प्रतिशब्दांची रास असेल तर तो फळीवर परत ठेवा.